नवीन स्मार्टफोन हातात आलाय? आधी तो कुणाशी बोलतो ते समजून घ्या

हा लेख आपल्या इंदूरच्या मराठी घरांमधल्या त्या सगळ्या काका-काकू आणि आजी-आजोबांसाठी आहे, ज्यांच्या हातात मुलांनी नाहीतर नातवंडांनी स्मार्टफोन ठेवला आणि "काही नाही, सगळं सोपं आहे" म्हणून पुण्याला नाहीतर बंगलोरला निघून गेले. सोपं आहे हे खरंच, पण कुणी नीट बसून सांगितलं तर. बटणं कुठली दाबायची ते सगळे सांगतात, आत काय चाललंय ते कुणी सांगत नाही, आणि मग नेट चाललं नाही की सिम बदल, आवाज कटला की फोन बदल, बॅटरी उतरली की जेलरोडला जाऊन बॅटरी बदल, असा उगाच खर्च होत राहतो. माझं म्हणणं एकच आहे. फोन अडला की पहिला प्रश्न हा विचारायचा, की आत्ता हा कुणाशी बोलायचा प्रयत्न करतोय? टॉवरशी, घरच्या वायफायशी, की वरच्या सॅटेलाइटशी? एवढं कळलं की चूक कुठे शोधायची ते कळतं.

पायरी १: मोबाइल म्हणजे रेडिओ, आणि तो बोलतो जवळच्या टॉवरशी

पुष्कळ लोकांना वाटतं की आपला कॉल सॅटेलाइटवरून जातो. नाही. तुमचा फोन जवळच्या टॉवरशी रेडिओ लहरींनी बोलतो, टॉवरपासून पुढे तो कॉल बहुतेक जमिनीखालच्या फायबरच्या तारेतून कंपनीच्या यंत्रणेत जातो, आणि समोरच्याच्या जवळच्या टॉवरपर्यंत पोचून तिथून परत हवेतून त्याच्या फोनमध्ये. म्हणजे रामबागेतून पुण्याला फोन लावलात तरी बिनतारी प्रवास मुख्यतः दोन टोकांनाच असतो, मधलं बहुतेक तारेने. म्हणूनच रस्ता खोदताना कुणी फायबर तोडली की अख्ख्या भागाचं नेटवर्क जातं, तिथे तुमच्या फोनचा काही दोष नसतो.

कंपन्या शहराचे लहान लहान भाग पाडतात, त्या प्रत्येक भागाला सेल म्हणतात, सेलफोन हे नाव त्यावरूनच आलं. तुम्ही सरवटे स्टँडवरून बसमध्ये बसून बोलत निघालात तर वाटेत एक टॉवर तुम्हाला दुसऱ्याच्या हवाली करतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि तुम्हाला ते जाणवतही नाही. कधीतरी ही अदलाबदल नीट होत नाही, मग चालत्या गाडीत कॉल कटतो. आणि आपण "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का" करत बसतो.

अजून एक गंमत. "आमच्या गच्चीसमोरच टॉवर आहे तरी रेंज नाही" ही तक्रार नेहमी ऐकू येते, आणि ती खरी असू शकते. टॉवरचे अँटेना बाहेरच्या दिशेला, थोडे खाली झुकवून लावलेले असतात, त्यामुळे अगदी टॉवरच्या पायथ्याशी कधी कधी सिग्नल लांबच्यापेक्षा कमी मिळतो. शिवाय तो टॉवर तुमच्या कंपनीचा असेलच असं नाही.

पायरी २: दांड्यांवर विश्वास ठेवू नका, आकडा बघा

स्क्रीनच्या वर ज्या चार-पाच दांड्या दिसतात त्यांचं कुठलंही सगळ्यांनी पाळायचं माप नाहीये. कुठल्या सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा ठरवतो, म्हणून एकाच सोफ्यावर एकाच कंपनीचं सिम टाकलेले दोन फोन वेगवेगळ्या दांड्या दाखवतात आणि घरात भांडण होतं की कुणाचा फोन चांगला.

खरा आकडा फोनमध्येच असतो. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्ज उघडा, मग अबाउट फोन, मग सिम स्टेटस नाहीतर स्टेटस, तिथे सिग्नल स्ट्रेंथ लिहिलेलं दिसेल, पुढे वजा चिन्ह लावलेला आकडा आणि डीबीएम, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप. प्रत्येक फोनमध्ये नावं थोडी इकडेतिकडे असतात, शोधा, सापडेल. फोर जीला वजा ९० किंवा त्याहून वरचा, म्हणजे वजा ८५, वजा ८० वगैरे असेल तर मस्त. वजा १०० ते ११० म्हणजे काम चालतंय. वजा ११५ च्या खाली गेलं की कॉल कटणार, नेट अडकणार. आणि हे लक्षात ठेवा की या मापात १० चा फरक म्हणजे ताकदीत दहापटीचा फरक, वजा १०० पेक्षा वजा ११० म्हणजे सिग्नल दहावा हिस्साच उरला.

माझी आत्या रामबागेतल्या जुन्या घरात राहते, भिंती चांगल्या जाड, मागची खोली आतल्या बाजूला. ती त्याच खोलीत पलंगावर बसून मुलाशी बोलायची आणि रोज कॉल कटायचा, तिचं म्हणणं, "अरे, हा फोनच खराब दिलाय त्याने." आम्ही फोन हातात धरून घरभर फिरलो. मागच्या खोलीत वजा ११८. मधल्या खोलीत वजा १०९. स्वयंपाकघराच्या खिडकीशी वजा ९४. फोन तोच, सिम तेच, घर तेच. तुम्हीही हे एकदा करून बघा, प्रत्येक खोलीत मिनिटभर थांबून, कारण आकडा लगेच बदलत नाही. जाड भिंती, आरसीसी स्लॅब, लोखंडी पत्रे, बेसमेंट, हे सगळे सिग्नल खातात, आणि जितकी फ्रिक्वेन्सी जास्त तितकं भिंतीतून आत येणं कठीण.

आता आत्याला रोज खिडकीशी उभं राहून बोला असं कसं सांगायचं, गुडघे दुखतात तिचे. घरात ब्रॉडबँड होतं, म्हणून सेटिंग्जमध्ये नेटवर्कच्या खाली सिमच्या पर्यायात वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. यात साधा कॉलच लागतो, नंबरही तोच, फक्त टॉवरऐवजी घरच्या वायफायमधून जातो आणि बऱ्याच प्लॅनमध्ये त्याचे वेगळे पैसे नसतात. तुमचा फोन आणि सिमची कंपनी दोन्ही ते देत असतील तरच पर्याय दिसेल. घरात रेंजचा त्रास असेल तर आधी हे करा. बाजारात सिग्नल बूस्टर म्हणून डबे मिळतात ते कृपा करून घेऊ नका, परवानगीशिवाय ते लावणं आपल्याकडे बेकायदेशीर आहे आणि तुमच्या एका डब्यामुळे आसपासच्या सगळ्यांचं नेटवर्क बिघडू शकतं.

पायरी ३: टॉवर फुल दिसतोय तरी फोन का लागत नाही

हे इंदूरकरांना समजावायला अनंत चतुर्दशीपेक्षा चांगलं उदाहरण नाही. त्या रात्री मिलच्या झाक्या, म्हणजे कापड गिरण्यांचे सजवलेले चित्ररथ, निघतात, आपला जुना रिवाज, राजवाडा, जेलरोड, एमजी रोड सगळं माणसांनी भरून जातं, आणि फोनवर सगळ्या दांड्या असूनही कॉल लागत नाही, फोटो जात नाही, मेसेजसमोर ते छोटं घड्याळ फिरत राहतं. रंगपंचमीच्या गेरच्या, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीच्या, दिवशीही हेच. लोक फोन बंद-चालू करतात, सिम काढून पुसतात, कंपनीला शिव्या घालतात.

यात झालेलं असतं असं की सिग्नलची ताकद आणि टॉवरची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दांड्या एवढंच सांगतात की टॉवरचा आवाज तुमच्या फोनला नीट ऐकू येतोय. टॉवरला तुमच्यासाठी वेळ आहे का, ते त्या सांगत नाहीत. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत दुकान अगदी समोर दिसतंय पण काउंटरला शंभर जण उभे आहेत, तसं. एका टॉवरकडे ठरावीक फ्रिक्वेन्सी असते, तेवढ्यातच सगळ्यांना वाटून द्यायचं असतं, आणि झाक्यांच्या रात्री त्या भागात एरवीच्या कितीतरी पट फोन येऊन बसतात. त्यातून प्रत्येकजण व्हिडिओ पाठवणार.

म्हणून अशा गर्दीत जायच्या आधी, निघतानाच, घरच्या सगळ्यांचं ठरवून घ्या की चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, म्हणजे अमुक दुकानाची पायरी, अमुक मंदिराचं दार, असं नक्की ठिकाण. लहान मुलाच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. गर्दीत कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवा, त्याला अगदी थोडी जागा लागते आणि तो पोचेपर्यंत यंत्रणा पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. व्हिडिओ घरी येऊन पाठवा, झाक्या कुठे पळून जात नाहीत.

रोज संध्याकाळी ८ ते ११ नेट हळू होतं तेही याच कारणाने, त्या वेळेला सगळी कॉलनी व्हिडिओ बघत असते.

पायरी ४: कॉल, डेटा, वायफाय हे तीन वेगळे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून सावकाश वाचा.

वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. वायफाय म्हणजे तुमचा फोन आणि घरातला तो राउटरचा डबा यांच्यातला बिनतारी दुवा, बस. डब्याच्या मागून येणारी फायबर बंद असेल तर वायफायच्या दांड्या पूर्ण दिसतील आणि नेट शून्य. डब्यावर लाल दिवा लागलाय का बघा, असेल तर ब्रॉडबँडवाल्याला फोन करा, मोबाइलच्या दुकानात जाऊ नका.

मोबाइल डेटा म्हणजे टॉवरवरून येणारं इंटरनेट. रोज दीड जीबीचा प्लॅन असेल तर तो संपल्यावर नेट बंद होत नाही बहुतेक, फक्त इतकं हळू होतं की बंदच वाटतं, आणि रात्री बारानंतर परत ठीक होतं. "रात्री आपोआप दुरुस्त झाला" असं कुणी म्हणालं की समजा डेटा संपला होता.

आणि कॉल. साधा कॉल आणि व्हॉट्सअॅपचा कॉल एक नाही. व्हॉट्सअॅपचा कॉल डेटातून किंवा वायफायमधून जातो, डेटा बंद असेल तर लागणार नाही. साधा कॉल डेटा बंद असतानाही लागतो. हल्ली फोर जीवरचा साधा कॉलही आतून डेटासारखाच तुकड्यातुकड्याने जातो, त्याला व्होल्टी म्हणतात, पण तो तुमच्या दीड जीबीतून कापला जात नाही, काळजी नको.

अजूनही काही आजोबा आलेला फोन घाईघाईने ठेवतात, "अरे पैसे जातायत". इनकमिंगला पैसे लागायचे ते दिवस आपल्या सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या हिशोबातल्या आपल्या विभागात, २००३ सालीच संपले. आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना केला होता, आणि त्या काळी येणाऱ्या कॉललाही मिनिटाचे पैसे मोजावे लागायचे, ती भीती अजून मनात बसलीये. आता उलटी गोष्ट लक्षात ठेवा, रिचार्जची मुदत संपली की आउटगोइंग लगेच बंद होतं आणि काही दिवसांनी इनकमिंगही. सलग ९० दिवस नंबर वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करून पुढे दुसऱ्याला देऊ शकते. बँकेला जोडलेला नंबर कपाटातल्या जुन्या फोनमध्ये पडून असेल तर आजच काढून बघा.

पायरी ५: लोकेशन

इथे सॅटेलाइट येतो, आणि इथे लोकांचा समज अगदी उलटा आहे. जीपीएसचे सॅटेलाइट साधारण वीस हजार किलोमीटर वर फिरतात, ते सतत वेळ सांगत असतात आणि तुमचा फोन फक्त ऐकतो. चार सॅटेलाइटचा आवाज यायला किती वेळ लागला यावरून आपण कुठे आहोत ते तो स्वतः हिशोब करून काढतो. फोन सॅटेलाइटला काहीच पाठवत नाही, त्यामुळे जीपीएसला ना डेटा लागतो ना रिचार्ज.

डेटा लागतो तो नकाशाचं चित्र उतरवायला. पावसाळ्यात पातालपाणी, चोरल, जानापाव करायला निघता ना, तर घरच्या वायफायवर गुगल मॅपमध्ये त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा, मग डोंगराआड नेटवर्क गेलं तरी निळा ठिपका बरोबर चालत राहील. ठिपका भलतीकडे दाखवत असेल तर उघड्या आकाशाखाली दोन मिनिटं उभे राहा.

लोकेशनचं बटण बंद केलं म्हणजे आपण कुणालाच दिसत नाही असंही नाही. फोन चालू असेपर्यंत तुम्ही कुठल्या टॉवरवर आहात हे कंपनीला माहीत असावंच लागतं, नाहीतर तुम्हाला आलेला कॉल ती पाठवणार कुठे? पोलिसांना तपासात जी माहिती मिळते ती बरीचशी इथून. मात्र "नंबर टाका आणि लोकेशन बघा" असली अॅप सरळ फसवणूक असतात. अनोळखी नंबरखाली मध्य प्रदेश लिहून येतं त्याचा अर्थ एवढाच की तो नंबर आपल्या सर्कलमध्ये दिला गेला होता, माणूस आत्ता कुठेही बसलेला असू शकतो. आणि नंबरच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी ओळखण्याचे दिवस २०११ मध्ये पोर्टिंग, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, देशभर सुरू झालं तेव्हाच गेले.

पायरी ६: बॅटरीबद्दल थोडक्यात

नवीन फोन आठ तास चार्ज करा, पूर्ण उतरवून मगच लावा, हे सगळं जुन्या प्रकारच्या बॅटरीचं ज्ञान आहे. आताच्या लिथियम बॅटरीला पूर्ण शून्यावर नेणं उलट वाईट. २० ते ८० च्या मध्ये ठेवलीत तर जास्त टिकते, पण त्यासाठी दिवसभर जीव टांगून बसू नका. मोठ्या वॅटचा चार्जर लावला म्हणून फोनमध्ये जबरदस्तीने वीज जात नाही, फोन आपल्याला हवी तेवढीच घेतो. नकली चार्जर मात्र खरंच धोक्याचा, तिथे पन्नास रुपये वाचवू नका.

खरा शत्रू गरमी. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळीसच्या वर असतो, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा स्कूटरच्या होल्डरमध्ये उन्हात ठेवलेला फोन तापतो आणि बॅटरीचं आयुष्य कायमचं कमी होतं. दुसरं कारण म्हणजे कमजोर सिग्नल. टॉवर लांब असला की फोनला जोर लावून बोलावं लागतं, त्यामुळे आत्याच्या मागच्या खोलीत बॅटरी दुपारीच संपायची आणि दोष बॅटरीला लागायचा. जिथे रेंजच नाही तिथे तासन्‌तास बसायचं असेल तर एअरप्लेन मोड लावून ठेवा. आणि सगळी अॅप सारखी वर सरकवून बंद करण्याने बॅटरी वाचत नाही, परत उघडताना जास्तच खर्च होते.

टॉवरच्या किरणांबद्दल विचारतातच सगळे. मोबाइलच्या लहरी एक्स-रेसारख्या पेशींमधले रेणू तोडणाऱ्या प्रकारात बसत नाहीत. फाइव्ह जीने कोरोना पसरतो ही अफवा २०२१ मध्ये फिरली तेव्हा आपल्याकडे फाइव्ह जी सुरूही झालं नव्हतं, ते १ ऑक्टोबर २०२२ ला आलं. फोनच्या लहरींची काळजी वाटत असेल तर मोठ्या कॉलला इअरफोन लावा, आणि हेही जाणून घ्या की टॉवर जितका जवळ तितका कानाला लावलेला फोन हळू बोलतो.

पायरी ७: सिम, आयएमईआय, आणि फोन हरवला तर

सिममध्ये तुमचे फोटो नसतात, व्हॉट्सअॅपच्या गप्पा नसतात. त्यात असते ती नेटवर्कसाठीची ओळख आणि एक गुप्त चावी. म्हणून सिम हरवलं तरी नंबर जात नाही, ओळखपत्र घेऊन गेलात की त्याच नंबरचं नवीन सिम मिळतं. फक्त नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, बँकेचा ओटीपी येणार नाही, घाबरू नका.

फोनची स्वतःची ओळख वेगळी, तिला आयएमईआय म्हणतात, पंधरा आकडी. आत्ता लगेच *#०६# डायल करा, स्क्रीनवर येईल, दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतील. ते वहीत लिहून ठेवा, फोनमध्येच लिहून ठेवू नका. बिलही जपून ठेवा.

फोन चोरीला गेला की आधी दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला सांगून सिम बंद करा आणि बँकेला कळवा. मग पोलिसात तक्रार द्या आणि तिची कॉपी घ्या. त्याच नंबरचं नवीन सिम घ्या, कारण पुढचा ओटीपी, एसएमएस सुरू झाले की, त्यावरच येतो. नंतर सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तक्रारीची कॉपी, आयएमईआय आणि बिल टाकून फोन ब्लॉक करा. ही सोय २०२३ पासून देशभर आहे, ब्लॉक झालेल्या फोनमध्ये कुठल्याही कंपनीचं सिम टाकलं तरी नेटवर्क मिळत नाही. याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं, अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. ब्लॉक करताना जो रिक्वेस्ट नंबर मिळेल तो नीट लिहून ठेवा. फोन परत सापडला तर त्याच नंबराने पोर्टलवर अनब्लॉक करावं लागतं, नाहीतर हातात आलेला फोनही टॉवर पकडणार नाही.